डॉक्टरांना विचारा: अणुवीज केंद्राजवळचं घर

प्रश्न: मुलाला मिळालेलं क्वार्टर अणुवीज केंद्रापासून चार किलोमीटरवर आहे. नातू दोन वर्षांचा, सून पुन्हा गरोदर. अशा ठिकाणी मुलांना रक्ताचा कॅन्सर होतो, असं वाचलं. त्यांना जाऊ द्यावं का?
– एक आजी

उत्तर: आजी, तुम्ही वाचलंत ते अगदीच बिनबुडाचं नाही. २००७ साली जर्मनीत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलांत ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. ‘दुप्पट’ म्हटलं की पोटात गोळा येतोच. पण कशाच्या दुप्पट? या वयात हा आजार वर्षाला लाखात दहा मुलांनाही होत नाही. १६ केंद्रांभोवतीच्या त्या टापूत १९८० ते २००३ मध्ये मिळून असे ३७ रुग्ण सापडले.

खरी गोम पुढे आहे. माती, अवकाश आणि घरात साचणारा रेडॉन वायू यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतोच. केंद्रांमुळे पडणारी भर त्याच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. एवढ्यानं आजार दुप्पट होणार नाही, हे पाहणी करणाऱ्यांनीच मान्य केलं. २०११ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीला तर तिथल्या १३ केंद्रांभोवती अशी वाढ आढळलीच नाही. मग जिथे वाढ दिसली, तिथे ती कशामुळे? लिओ किनलेन या संशोधकाचं म्हणणं असं, की आडगावी बाहेरून माणसं येऊन वसली की एखादा संसर्ग पसरतो आणि क्वचित एखाद्या मुलात त्यातून ल्युकेमिया उद्भवतो. हे सिद्ध झालेलं नाही, पण मला पटण्याजोगं वाटतं.

माझी सून असती तर मी तिला जाऊ दिलं असतं. कूलिंग टॉवरमधून निघणारे पांढरे लोट पाहून घाबरू नका, ती नुसती पाण्याची वाफ. त्यापेक्षा पोर पडलं-झडलं की ‘सीटी स्कॅन करूनच टाका’ म्हणणाऱ्यांना आवरा! छातीच्या एका सीटीत मोठ्या माणसाला सहा-सात मिलिसिव्हर्ट मिळतात.

तयारी हवी ती अपघाताची. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईंच्या दुधात उतरलं. ते दूध प्यायलेल्या मुलांत पुढे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर वाढला. म्हणून तिथे पोचल्यावर मुलानं दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: आणीबाणीत जमायचं कुठे, आणि थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साचू नये म्हणून घ्यायच्या साध्या आयोडीनच्या गोळ्या कोण देणार. गोळी प्रशासनानं सांगितल्यावरच घ्यायची. जखमेवर लावायचं आयोडीन मात्र चुकूनही पाजू नये.