गस्तीच्या गाडीतून बाबा कसे दिसतील?

'ताई, महिन्याभरात आमच्या दारातून तीन पार्सलं चोरीला गेली. आता कॉलनीतले काहीजण रात्री गाडीतून गस्त घालणार आहेत. नवराही जायचं म्हणतोय, पिस्तूलही बघून आलाय. जूनमध्ये बाबा येतायत. माझं मन घेत नाही. मी उगाच घाबरतेय का?'
– एक वाचक, अटलांटाजवळून

उगाच नाही गं. तुझ्याच जॉर्जिया राज्यातली गोष्ट आहे. २३ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रन्सविकजवळच्या सॅटिला शोअर्स वस्तीतून अहमाद आर्बरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा धावत चालला होता. वस्तीत चोऱ्यांची चर्चा होती आणि बांधकाम चालू असलेल्या एका घरात तो डोकावून गेला होता. उचललं काहीच नव्हतं. तीन गोऱ्या माणसांनी ट्रक काढून त्याचा पाठलाग केला, त्याला कोंडीत धरलं आणि त्यांच्यातल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. दोन महिन्यांहून जास्त काळ कुणालाही अटक नाही! व्हिडिओ बाहेर आला तेव्हा चक्रं फिरली. बचावासाठी त्यांनी पुढे केला तो नागरिकांना अटकेची मुभा देणारा, गुलामगिरीच्या काळातला १८६३ चा कायदा. तिघांना जन्मठेप झाली, २०२१ मध्ये तो कायदाही रद्द झाला. आईचा मुलगा मात्र गेला तो गेलाच.

'आपला काय संबंध?' असं नवरा म्हणेल. मग त्याला २०१५ सालचं अलाबामातल्या मॅडिसनचं सांग. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले आजोबा फुटपाथवर चालत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला, एक काटकुळा काळा माणूस फिरतोय म्हणून. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं की मणक्याला इजा होऊन शरीर अंशतः लुळं पडलं.

आता तुझे बाबा डोळ्यांसमोर आण. सकाळी पाठीमागे हात बांधून निघतील आणि पहिल्या बांधकामापाशी थबकतील. आपल्याकडचा कुठला बाबा थबकत नाही? वाकून आत बघतील, फळ्यांवर टकटक करतील, 'लाकडाच्या भिंती? टिकणार किती?' म्हणतील. गस्तीच्या गाडीतल्या माणसाला यातलं काय दिसेल?

म्हणून नवऱ्याला गस्तीला जाऊ देऊ नकोस, आणि पिस्तूल घरात नकोच. पार्सलं लॉकरवर मागवा. चोरीची तक्रार पोलिसांच्या साध्या नंबरवर करा, ९११ जिवावरच्या प्रसंगासाठी ठेवा. सांगताना काय घडताना पाहिलं तेवढंच सांगा. 'कुणीतरी काळा फिरतोय' ही तक्रार नव्हे, हे कॉलनीच्या ग्रुपवरही नवऱ्याने लिहावं. एकट्याने लिहायला धीर लागतो, पण त्याने लिहावंच.

बाबांच्या खिशात तुमचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेलं कार्ड राहू दे. ते आले की पहिल्याच रविवारी त्यांना घेऊन शेजारची पाच-सहा घरं फिर. डब्यात नारळाच्या वड्या ने. आणि त्या बांधकामाच्या मुकादमाशीही ओळख करून दे, कारण बाबा तिथे रोज जाणार आहेत.