ग्रामसभा फक्त कागदावरच होते आणि ग्रामसेवक इतिवृत्त दाखवत नाहीत, अशा वेळी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे तुम्ही पुण्यात असता, मतदार यादीत नाव मात्र गावचंच आहे. इतिवृत्त मागितलं तर ग्रामसेवक "सरपंचांना विचारा" म्हणतात, आणि सरपंच म्हणतात की तुम्ही गावात राहत नाही, तुम्हाला कशाला हवंय?

आधी या दुसऱ्या उत्तराचा निकाल लावू. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. तो राहतो कुठे याचा त्याच्याशी संबंध नाही. माहिती अधिकारात तर गावचा मतदार असण्याचीही अट नाही. भारताचा कुठलाही नागरिक अर्ज करू शकतो, आणि माहिती कशासाठी हवी हे त्याला विचारता येत नाही. कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

आमच्या तालुक्यात मी बरेच जण "गेल्या पाच वर्षांची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज करताना पाहतो. त्यावर हजारो पानांचं शुल्क भरण्याचं पत्र येतं किंवा माहिती विस्तृत आहे म्हणून नकार येतो, आणि माणूस तिथेच थांबतो. तुम्ही प्रती मागू नका, आधी कागद पाहायला मागा. कलम 2(ञ) नुसार अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं हा माहिती अधिकाराचाच भाग आहे. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत ठेवा. मजकूर साधारण असा करा: "अमुक आर्थिक वर्षातील सर्व ग्रामसभांच्या नोटिसा, हजेरीपट व इतिवृत्त नोंदवही यांची पाहणी करून निवडक पानांच्या प्रती मिळाव्यात." ग्रामसभा का घेतली नाही, असं अर्जात विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही.

पाहणीला गेल्यावर ही तिन्ही रजिस्टरं एकाच वेळी टेबलावर घ्या, कारण खरी गोष्ट कळते ती त्यांच्या मेळातून. नोटिशीवर जावक क्रमांक आहे का? असेल तर जावक रजिस्टर मागून त्या क्रमांकाच्या आधीची आणि नंतरची नोंद कुठल्या तारखेची आहे ते बघा. मागाहून तयार केलेली नोटीस इथे उघडी पडते. हजेरीपटावर एकाच पेनाने, एकाच वळणाच्या सह्या ओळीने दिसतात का? त्या दिवशी मुंबईत असलेल्यांची नावं आहेत का? इतिवृत्तात मला सगळ्यात जास्त खटकते ती पानाच्या तळाला सोडलेली चार-पाच ओळींची मोकळी जागा. पुढे एखाद्या कामाला ठराव लागला की तो त्या जागेत बसवला जातो. अक्षर बारीक होतं, ओळी दाटतात आणि ठराव क्रमांकाला "अ" जोडला जातो. असं पान दिसलं की त्याची साक्षांकित प्रत त्याच दिवशी मागा. तिला पानाला 2 रुपये पडतात.

कोरमही तपासा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणून काही गावांत पहिली सभा मुद्दाम ओस पाडून दुसरी दहा-बारा माणसांत उरकतात. या दुसऱ्या सभेची दवंडी दिली होती का, फळ्यावर नोटीस लावली होती का, हे नक्की विचारा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. पुरेसं कारण नसताना त्या टाळल्या तर सरपंचपद जाऊ शकतं आणि जबाबदार सचिवावर (म्हणजे ग्रामसेवकावर) निलंबनाची कारवाई होऊ शकते. कारण पुरेसं होतं का, हे जिल्हाधिकारी ठरवतात. त्यांच्याकडे तक्रार करताना तुमच्या हातात या प्रती असतील तर तिला वजन येतं. नुसत्या शब्दांवर चौकशी लागत नाही.

ग्रामसेवकांनी (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. अपिलीय अधिकारी सहसा पंचायत समितीत बसतात. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, आणि आयोग दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 रुपयांपर्यंत दंड लावू शकतो. आयोगाकडे तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून पहिलं अपील मनापासून लढा. बहुतेक वेळा कागद तिथेच हलतात.

घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागितली की "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार येतो. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम 8(1)(ञ) बदललं, तेव्हापासून हे उत्तर सर्रास मिळेल अशी मला भीती वाटते. पण अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करा, असं कलम 4 अजूनही सांगतं, आणि जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची मुभा कलम 8(2) देतं. अपिलात हे दोन्ही लिहा. शिवाय लाभार्थी निवडण्याचा विषय ग्रामसभेपुढे येतो. जे नाव सगळ्या गावासमोर वाचायचं असतं, ते गुपित कसं?

एक विनंती कळकळीने करतो, एकट्याने पुढे होऊ नका. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी 2010 मध्ये हत्या झाली, ती जमिनींचे व्यवहार उघडे करत असतानाच. आपलं प्रकरण लहान वाटलं तरी गावात पैशांचे हितसंबंध कुठवर पोचलेत ते बाहेरून दिसत नाही. चार-पाच जणांनी, त्यात शक्यतो महिला बचत गटाच्या दोघी-तिघी, वेगवेगळे अर्ज द्यावेत. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने सक्तीचं आहे, तिचंही इतिवृत्त मागा. ते बहुतेक ठिकाणी नसतंच.

मग 2 ऑक्टोबर असो वा 26 जानेवारी, पुढच्या ग्रामसभेला या प्रती घेऊन जा. आठवडाभर आधी विषय लेखी द्या आणि पोच घ्या. ठराव मांडलात की तो तिथेच लिहून मोठ्याने वाचायला लावा, सूचक-अनुमोदकांची नावं नोंदवून घ्या आणि खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारून घेतल्याशिवाय उठू नका.