हिरड्यांतून रक्त येणं आणि शुगर न उतरणं यांचा खरंच संबंध असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांची शुगर गोळ्या बदलूनही उतरत नाही, दात घासताना रक्त येतं, आणि डॉक्टरांनी आधी दात दाखवून या म्हणून सांगितलं. ही टाळाटाळ तर नाही ना? शिवाय घाणेरड्या दातांमुळे हार्ट अटॅक येतो असंही तुम्ही कुठेतरी वाचलंय.

टाळाटाळ मुळीच नाही. शुगरच्या पेशंटला तोंड उघडायला लावणारे डॉक्टर कमीच. त्यांना सोडू नका.

मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याला आमची फार्मसी आहे. महिन्याच्या शुगरच्या गोळ्या न्यायला येणारी माणसं त्याच पिशवीत सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट, लवंगतेल नाहीतर दाढदुखीची गोळी टाकून नेतात. दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. आणि आपल्याकडे शुगरवाले थोडेथोडके नाहीत. २०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डायबेटीसचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं: देशात ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के. चवथीच्या नेवऱ्या संपल्या की ग्लुकोमीटरच्या पट्ट्या जास्त खपतात, ते मी दरवर्षी बघतोच.

आता संबंध कसा ते सांगतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. तिथला चिकट थर रोज निघाला नाही की त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते, फट खोल होत जाते आणि शेवटी दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. आजार बळावला असेल तर तोंडभरच्या अशा सुजलेल्या भागाची बेरीज ८ ते २० चौरस सेंटीमीटर होते, असा हिशेब संशोधकांनी मांडलाय. एवढी जखम पायाला असती तर तुम्ही वडिलांना दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला नेलं असतं. ही दिसत नाही आणि बहुतेक वेळा दुखतही नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते. त्या सुजेतून जी रसायनं रक्तात उतरतात ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. उलट बाजूने, शुगर चढलेली असली की हिरडीला जंतूंशी झुंजता येत नाही, जखम लवकर भरत नाही. म्हणजे एकाने दुसऱ्याला वाढवायचं, असं चालू राहतं.

हिरड्यांचे नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं, असं बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलंय. किरकोळ वाटेल, पण नवी गोळी न वाढवता मिळतंय. अर्थात चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत.

हृदयाचं मात्र जपून बोलावं लागतं. हिरड्यांचा आजार असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. पण एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ सालीच स्पष्ट केलं होतं. ब्रश केला की अटॅक टळला, असं कुणी सांगत असेल तर ती जाहिरात समजा. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झालाय, त्यांची गोष्ट वेगळी. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. त्यांनी दाढ काढण्याआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

एक गोष्ट काउंटरवरून जास्त दिसते. वडिलांना प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का बघा. ही गोळी पुष्कळांना असते आणि काहींच्या हिरड्या तिच्यामुळे फुगून दातांवर चढतात. तसं वाटलं तर गोळी आपल्या मनाने सोडू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही तेच. ‘उद्या दाढ काढायची म्हणून आजपासून बंद केली,’ असं सांगणारे येतात तेव्हा माझ्याच छातीत धस्स होतं.

रक्त येतं म्हणून तिथे ब्रशच लावायचा नाही, हे घरोघरी चालतं. त्याने थर वाढतो आणि रक्तही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, आणि रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. मशेरी घरात असेल तर ती आधी बाहेर. शेवटी तंबाखूच तो. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढणारे असतील तर त्यांचं ‘मला कुठे रक्त येतं?’ ऐकू नका. धूम्रपानाने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त कमी दिसतं.

क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात, असं वडील म्हणतील. सगळेच म्हणतात. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघालं की ते कळतं, एवढंच.

खासगीत खर्च जास्त वाटला तर बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आहे, पणजी-मडगाव रस्त्यावर. वेळ हाताशी ठेवून जा. जबडा किंवा गळा सुजला, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीला न्या. दाढेतला पू गळ्यात उतरला की श्वास अडकू शकतो.

जाताना शेवटचा शुगर रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा, नावं तोंडपाठ नसतात कुणाची. उपचार झाल्यावर एचबीएवनसी लगेच पुढच्या आठवड्यात करू नका. ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे तीन महिने जाऊ द्या आणि मग करा.