लॅपलँडच्या जंगलवाटेवर माउंटन बाइक: दिवसाचे किलोमीटर नको, तास धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकचे, रोड बाइकवर २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, झाल्यात. आता फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमध्ये, खुणा केलेल्या जंगलवाटेवर पाच दिवस माउंटन बाइक चालवायची आहे. रोज ८० किलोमीटर जमतील का, कधी जावं, आणि बाइक इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

८० धरू नका. पहिल्या दिवशी ३० धरा, पुढे अंग सरावलं तर ४०. खरं तर किलोमीटर धरूच नका. दिवसाचे सहा तास धरा आणि त्या सहा तासांत जेवढं होईल तेवढ्याला तो दिवस समजा.

मीही नाशिकचाच. मामेभाऊ तिकडे फिनलंडमध्येच ओउलू शहरात नोकरीला आहे, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं लॅपलँडमधल्या सारिसेल्का गाव आणि कीलोपा डोंगराच्या भागात गेलो होतो. त्याआधी दोनच महिने मी ३०० ची बीआरएम वेळेत पुरी केली होती, त्यामुळे पाय तयार होते. तरी पहिल्या दिवशी ३१ किलोमीटरला साडेसहा तास लागले. चढ फार नव्हता. तिथले डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे अंगावर येणारे नाहीत. गोल, बसकी टेकाडं आहेत, कीलोपाचा माथा ५४६ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलं तर आपलं नाशिक शहर त्याहून उंच. वेळ खाल्ला तो मुळांनी, दगडांनी आणि दलदलीने. पाइनची मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात, ओली झाली की साबण लावल्यासारखी. दर दोन मिनिटांनी वेग मोडतो, पुन्हा पहिल्यापासून लावायचा. रस्त्यावर आपण पाय फिरवत राहतो, तिथे खांदे, मनगटं आणि कंबर आधी दमतात.

आपल्याकडे सायकल म्हटलं की लांबचा पल्लाच डोळ्यांपुढे येतो. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी ओलांडायची सायकल स्पर्धा जोडीने पुरी केली, २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथांनी तीच स्पर्धा एकट्याने पुरी केली. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण डांबरी रस्त्यावरचा हिशोब जंगलात लावला की मुक्कामाची जागा दूर राहते आणि अंधार आधी येतो.

आता 'खुणा केलेली वाट' याबद्दल. ही गोष्ट मी जाण्यापूर्वी नीट समजून घेतली नव्हती. खूण आहे म्हणजे सायकलला परवानगी आहे, असं नाही. फिनलंडमध्ये 'योकामिएहेनओइकेउस' नावाचा प्रत्येकाचा हक्क आहे: दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातूनही चालता येतं, सायकल चालवता येते, एखाद्या रात्रीपुरता तंबू लावता येतो, बेरी तोडता येतात. नुकसान करायचं नाही आणि घरांपासून लांब राहायचं. पण राष्ट्रीय उद्यानात उद्यानाचे नियम चालतात आणि तिथे सायकल ठरवून दिलेल्या वाटांवरच. सारिसेल्काला लागून असलेलं उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान १९८३ ला झालं, क्षेत्रफळ सुमारे २,५५० चौरस किलोमीटर. त्याच्या एका कडेला सायकलच्या वाटा आहेत, पण म्हणून सगळ्या उद्यानात सायकल घालता येते असं नाही. सरकारी जमिनी आणि उद्यानं सांभाळणाऱ्या मेत्साहॅलितुस या संस्थेची 'लुओन्तोन' नावाची साइट आहे, तिथे प्रत्येक उद्यानाचे नियम इंग्रजीत मिळतात. तुमचा मार्ग आखायचा तर सुरुवात तिथून करा, कुणाच्या व्हिडिओवरून नको.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिकडे उन्हाळी वाट वेगळी आणि हिवाळी वाट वेगळी. हिवाळ्यात तळी आणि दलदली गोठतात, त्यामुळे स्की आणि स्नोमोबाइलच्या वाटा सरळ त्यांच्यावरून काढलेल्या असतात. खांब मात्र बारा महिने उभे. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अशाच फुल्या ठोकलेल्या उंच खांबांच्या मागे गेलो. वाट रुंद, मोकळी, मुळं नाहीत, मी खूश. अर्ध्या किलोमीटरवर जमीन हलायला लागली. वर शेवाळ आणि गवत, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत, आणि पाणी बर्फासारखं. बाइक खांद्यावर घेऊन परत यायला सव्वा तास गेला. बूट पुढचे दोन दिवस वाळले नाहीत. म्हणून नकाशावर उन्हाळी आणि हिवाळी मार्ग वेगळे ओळखायला आधी घरी बसून शिका, आणि तो नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. एक कागदी नकाशाही जवळ ठेवा, थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते.

नकाशा वाचायला मला सर्वात उपयोग झाला तो चार-पाच फिनिश शब्दांचा. आपल्याकडे नावात खिंड असली की चढ येणार, डोह असला की पाणी येणार, हे आपण न सांगता ओळखतो. तिकडेही तसंच आहे. 'सुओ' म्हणजे दलदल. 'लाम्पी' म्हणजे लहान तळं, राउतुलाम्पी त्यातलंच. 'ओया' म्हणजे ओढा, 'योकी' म्हणजे नदी, 'कुरू' म्हणजे घळ, 'तुन्तुरी' म्हणजे झाडं मागे टाकून वर आलेला उघडा डोंगर. ज्या टप्प्यात सुओ आणि ओया जास्त, तिथे वेळ दुप्पट धरा. तुन्तुरी असेल तर वारा धरा. आणि पाटीवर 'प्योराइल्यू किएल्लेत्यू' दिसलं तर सायकलला बंदी आहे, परत फिरा.

दलदलीवर उन्हाळी वाटेला लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, त्यांना 'पित्कोस्पूत' म्हणतात. दोन फळ्या शेजारी शेजारी, मध्ये बोटभर फट, काही ठिकाणी एक फळी कुजून खचलेली. कोरड्या असतील तर मजा येते. ओल्या असतील तर चढण्याआधीच वेग ठरवा, नजर दहा फूट पुढे ठेवा, फळीवर ब्रेक नाही, वळण नाही. शंका आली की उतरा आणि ढकला, मीही निम्म्या फळ्या ढकलतच ओलांडल्या. समोरून चालणारे आले तर वाट त्यांची. आपण थांबायचं, बाइक बाजूला घ्यायची. रेनडिअर आडवे आले तरी थांबायचं. ते रानटी वाटतात पण प्रत्येकाचा मालक असतो, त्यांना पळवत नेऊ नका.

कधी जायचं? ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये बर्फ वितळून वाटा भिजलेल्या असतात. जूनअखेर ते जुलै रात्रभर उजेड असतो खरा, पण डास आणि बारीक माश्या इतक्या की थांबून पंक्चर काढणं ही शिक्षा होते. ऑगस्टअखेर त्या कमी होतात, रात्री पुन्हा अंधारतात, सप्टेंबरमध्ये बर्च आणि जमिनीवरची झुडपं लाल-पिवळी होतात, त्याला ते 'रुस्का' म्हणतात. रात्री पारा शून्याजवळ येऊ शकतो. निफाडची थंडी आपल्या ओळखीची आहे, पण ती कोरडी. तिथे तुम्ही घामाने आणि पावसाने ओले असता. लोकरीचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी वेगळा बांधा आणि दिवसा कितीही थंडी वाजली तरी त्याला हात लावू नका. (गणपती याच दिवसांत येतात. घरी गणपती बसत असेल तर तारखा आधी बघा.)

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. घेताना माउंटन बाइकिंग आणि जंगलातून सुटका त्यात धरलीय का, हे एजंटकडून लेखी घ्या.

बाइक. तुमच्याकडे सध्या माउंटन बाइक नाही, असं प्रश्नावरून वाटतं. मग पाच दिवसांसाठी नवी घेऊन विमानात घालू नका, सारिसेल्काला भाड्याने मिळतात. स्वतःचे पेडल, सॅडल आणि हेल्मेट मात्र न्या, पाच दिवसांत बूड आणि गुडघे यांनाच फरक कळतो. मी माझी नेली होती. खोक्यात नीट बांधूनही मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्यावर बसतो तो हँगर वाकला. दिसायला केसाएवढा फरक, पण मागच्या सर्वात मोठ्या चक्रीवर टाकलं की डिरेलर स्पोकला घासायचा. जादा हँगर सोबत होता म्हणून वाचलो. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिथल्या आडबाजूच्या गावात मिळत नाही. स्वतःची नेलीत तर डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांधा, चाकं काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये स्पेसर, म्हणजे पॅड मिटू न देणारा तुकडा, घाला, आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तिथे घ्यायचा.

खाण्याचं इथूनच न्या, पण दूध, तूप, खवा आणि मांस युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही. पेढे आणि तुपातले लाडू घरीच राहू द्या. आम्ही नेलं ते राजगिऱ्याचे लाडू, आपल्या नाशिकच्या मनुका, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. तिथे गरम भातावर मेतकूट आणि तेल, दिवसभर भिजल्यावर त्यासारखं काही नाही. दुकानं गावातच, जंगलात शिरलात की पुढचं दुकान नाही. पाणी वाहत्या ओढ्याचं, आम्ही उकळून प्यायलो.

मुक्कामासाठी 'लावू' म्हणजे तीन बाजूंनी बंद निवारे असतात, आणि काही भागांत 'आउतिओतुपा', म्हणजे कुलूप नसलेल्या लाकडी झोपड्या. भाडं नाही, बुकिंग नाही, एक, फार तर दोन रात्री राहायचं. नियम असा की शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. जो आधी येऊन विसावलाय त्याने जागा करून द्यायची. आम्ही रात्री साडेनऊला भिजून पोचलो तेव्हा आत एक वयस्कर फिनिश जोडपं झोपायच्या तयारीत होतं. बाई काही न बोलता उठल्या, फळीवरचं त्यांचं अंथरूण एका कडेला सरकवलं, शेगडीत लाकूड घातलं आणि आमचे मोजे स्वतः तारेवर टाकले. सकाळी निघताना त्यांच्या नवऱ्याने बाहेरच्या लाकडांच्या खोलीतून चार ओंडके फोडून शेगडीशेजारी रचले, वर बर्चची साल ठेवली. आमच्यासाठी नव्हे, आमच्यानंतर जो येईल त्याच्यासाठी. त्र्यंबकच्या वारीत वाटेवरच्या गावांत ओसऱ्या मोकळ्या करून देणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, तरी मला भरून आलं. तुम्ही गेलात तर हे नक्की करा. आणि वणव्याचा इशारा लागू असेल तर उघड्यावर शेकोटी अजिबात नाही.

एकटे जाऊ नका. आणीबाणीचा नंबर आपल्यासारखाच ११२. त्यांचं '११२ सुओमी' हे ॲप फोनमध्ये घाला, त्यातून फोन केला की तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळतं. मात्र रेंज सगळीकडे नसते, म्हणून रोजचा मार्ग आणि पोचायची वेळ गावातल्या कुणाला तरी सांगून निघा.

सराव इथेच होईल. गंगापूर धरणापलीकडचे कच्चे रस्ते, म्हसरूळला चामरलेण्याच्या पायथ्याची पायवाट, पावसाळ्यात अंजनेरी गावाकडची चिखलाची चढण. वनखात्याची परवानगी जिथे लागते तिथे घ्या, आणि शेताच्या बांधावर चाक घालू नका. फळीचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये: फरशीची एक ओळ धरून, चालण्याच्या वेगाने, न डगमगता पन्नास फूट. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं पुरतात. जिमपेक्षा मला याचा जास्त फायदा झाला.

येत्या रविवारी एक करा. कुणाची तरी माउंटन बाइक मागून घ्या, मागेपुढे मिळून आठ किलो बांधा, आणि कच्च्या वाटेवर चार तास चालवा. मीटर झाकून ठेवा, घरी आल्यावर उघडा. किती किलोमीटर झाले आणि अंगात कुठे दुखलं ते इथे लिहा. त्यावरून तुमचे पाच दिवसांचे टप्पे मी नकाशावर बसवून देतो.