मुलाचा लसीचा डोस चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का? मोठ्यांनाही लसी लागतात का?

नाही, बहुतेक लसींचे आधीचे डोस वाया जात नाहीत. जिथे थांबलात तिथून पुढे चालू करायचं, मधे वर्ष गेलं असलं तरी. फक्त उशीर वाढवू नका. रोटाव्हायरसची (बाळांना जोराचे जुलाब करणारा विषाणू) लस ठरावीक वयानंतर सुरूच करता येत नाही. गोवराच्या एका डोसने साधारण 93 टक्के संरक्षण मिळतं, दोन डोसांनी 97 टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘एक झालाय की’ म्हणून दुसरा सोडू नये. किरकोळ सर्दी-खोकला हे लस पुढे ढकलण्याचं कारण नव्हे.

मोठ्यांचं म्हणाल तर हो, लागतात. धनुर्वाताचा बूस्टर दर 10 वर्षांनी, फ्लूची लस दरवर्षी (विषाणू सारखा रूप बदलतो), गरोदरपणात डांग्या खोकल्याची, म्हणजे बाळाला जन्मापासूनच थोडं संरक्षण मिळतं. वय, मधुमेह किंवा दम्यानुसार आणखी काही, ते डॉक्टर सांगतील.

लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आमचं कार्ड एकदा पावसात भिजलं, शाई पसरली आणि तारखा आठवता आठवता नाकी नऊ आले. स्वतःच्या बूस्टरची तारीखही त्यातच लिहून ठेवा, ती हमखास विसरते.