२०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही स्पीड ९४-९५ च्या वर का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण लॅपटॉपला केबल लावून बघा नाहीतर मोबाइलवर वायफायने बघा, सकाळी बघा रात्री बघा, स्पीड टेस्टला ९४ नाहीतर ९५ च येतो, आणि कंपनीवाले म्हणतात आमच्याकडून पूर्ण स्पीड येतोय, मग अजून मोठा प्लॅन घेऊ का? नका घेऊ! ५०० चा घेतलात तरी ९४ च दिसणार आणि जास्तीचे पैसे दर महिन्याला फुकट जातील.

तुमच्या दुखण्याचं निदान त्या ९४ च्या आकड्यातच आहे. वायफाय कमजोर असेल किंवा लाइनवर लोड असेल तर स्पीड वरखाली होतो, आत्ता ४० तर थोड्या वेळाने १२०, असा एकाच आकड्यावर अडून बसत नाही. अडून बसलाय याचा अर्थ वाटेतला एखादा लॅन केबलचा जोड १०० वर चाललाय. मग पूर्ण १०० का दिसत नाही, तर डेटा छोट्या छोट्या पॅकेटमधून जातो आणि प्रत्येक पॅकेटला कुठून आलं कुठे जायचं ही माहिती चिकटवलेली असते, त्यात पाच-सहा टक्के जातात.

आता तुमच्याकडे मोबाइलवरही तेवढाच येतोय, म्हणजे लॅपटॉपची केबल यात गुन्हेगार नाही कारण मोबाइलचा तिच्याशी संबंधच नाही. संशय जातो कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यापासून राउटरच्या वॅन पोर्टपर्यंत (म्हणजे जिथून नेट राउटरमध्ये शिरतं त्या पोर्टपर्यंत) जी छोटी केबल आलीय तिच्यावर, किंवा तिच्या दोन टोकांच्या पोर्टवर.

आधी केबल बघा. लॅन केबलच्या आत आठ बारीक रंगीत वायरी असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० चा स्पीड यातल्या चारच वायरींवर चालतो, पण गिगाबिटला, म्हणजे १००० च्या स्पीडला, आठच्या आठ लागतात. एखादी वायर आतून तुटली, क्लिप नीट दाबली गेली नाही, केबल कपाटामागे चेमटली, की दोन्हीकडची उपकरणं आपसात ठरवून गुपचूप १०० वर येतात, कुठलाही एरर येत नाही आणि नेट चालू राहतं त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. म्हणून तर हा प्रॉब्लेम लोकांच्या घरात वर्षानुवर्षं तसाच पडून असतो आणि याचं मला फार वाईट वाटतं. केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरून वायरी मोजा, जुन्या राउटरच्या बॉक्समधून आलेल्या काही केबलींमध्ये मुळात चारच वायरी असतात. आठ असल्या तरी एकदा दुसरी केबल लावून बघाच, कारण आतली तुटलेली वायर डोळ्यांना दिसत नाही. नवीन घेताना तिच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असलं की झालं, त्याहून महागडी घ्यायची घरात काही गरज नाही.

केबल बदलून फरक पडला नाही तर राउटर. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर नेटवर शोधा आणि पोर्टपुढे १०/१०० लिहिलंय की १०/१००/१००० ते बघा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, तो वायफायचा कागदावरचा आकडा असतो आणि तसल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट १०० चेच असतात, म्हणजे दारातूनच ९४ आत येतो, पुढे वायफाय कितीही भारी असो.

फायबरच्या डब्याचा पोर्टही तपासता येतो. ज्या पोर्टातून राउटरला केबल जाते तिथे लॅपटॉप थेट जोडा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडलं की खाली लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या उपकरणांनी आपसात ठरवलेला स्पीड, दिसतो, १००/१०० किंवा १०००/१०००. कंपनीने दिलेलं नेटचं लॉगिन राउटरमध्ये भरलेलं असेल तर असं जोडल्यावर नेट चालणार नाही पण घाबरू नका, लिंक स्पीड तरीही दिसतो आणि आपल्याला तेवढाच हवाय. फक्त तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट आहे ना ते आधी बघून घ्या, यूएसबीला लावायचे स्वस्तातले लॅन अडॅप्टर बरेचदा १०० चेच असतात. चांगल्या केबलने, गिगाबिट लॅपटॉपवर १००/१०० दिसला तर डबा बदलून द्या म्हणून कंपनीकडे मागणी करा, आणि तक्रारीत नुसतं नेट स्लो आहे असं न लिहिता लॅन पोर्टचा लिंक स्पीड १०० दाखवतोय असं स्पष्ट लिहा, मग टाळायला जागा राहत नाही.

एक अजून, बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो. तिथे काही करायला जाऊ नका, फोरके व्हिडिओला साधारण २५ एमबीपीएस पुरतात.