विजेवरच्या गाडीची पहिली फेरी

प्रश्न : आजवर मी गिअरचीच गाडी चालवली. गाड्यांची हौस असणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे. त्यातल्या एकाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि आता तो म्हणतो, "ये एकदा, तूच चालव." तासभर गाडी माझ्या हातात असेल. नुसते "काय पिकअप आहे!" म्हणून परत यायचे नाही. एवढ्या वेळात नेमके काय बघू? दुसऱ्याच्या गाडीचे दडपणही आहेच.

उत्तर : तुमचा मित्र जे देतो आहे ते शोरूममध्ये मिळत नाही. तिथला माणूस ठरलेल्या रस्त्याने फिरवून आणतो, आणि त्याने त्या गाडीत स्वतःचा पावसाळा काढलेला नसतो. मालकाने काढलेला असतो. म्हणून तुमच्या तासातला निम्मा वेळ त्याला बोलते करण्यात गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी बोलून घ्या. पहिली, त्याचा विमा दुसऱ्या कोणी चालवताना लागू होतो का, आणि काही झालेच तर खर्च कोणाचा. हे विचारायला संकोच वाटतो, पण तुमचे निम्मे दडपण याच एका प्रश्नाने उतरेल. दुसरी, गाडी पूर्ण चार्ज करून ठेवू नको म्हणावे. पाहुणा येणार म्हणून लोक हौसेने शंभर टक्के भरून ठेवतात, आणि नेमकी बघण्यासारखी गोष्ट झाकली जाते. वेग कमी होताना मोटर जनरेटरसारखी उलटी चालते आणि वीज बॅटरीत परत भरते. त्याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, चालवणारे नुसते रीजन म्हणतात. बॅटरी भरलेली असली की परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळे बहुतेक गाड्या रीजन आपोआप कमी करतात. बॅटरी फार गार असली तरी हेच होते. साठ-सत्तर टक्के चार्ज असताना गाडी तिच्या खऱ्या स्वभावात असते.

आता तुमच्या डाव्या पायाबद्दल. गिअरवाल्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. वळणापाशी किंवा सिग्नलला डावा पाय सवयीने क्लच शोधतो. इथे क्लच नाही आणि ब्रेकचे पॅडल रुंद असते. पाय त्याच्यावर पडला तर तो क्लचच्याच जोराने दाबला जातो आणि गाडी जागच्या जागी थांबते. मागून कोणी येत असेल तर हे महागात पडेल. बसल्यावर डावा पाय मागे ओढून सीटजवळ टेकवा आणि मोकळ्या मैदानात दोन-चार चकरा मारून मगच रस्त्यावर या. ब्रेक दाबून बटण दाबले की इंजिनचा आवाज येत नाही, डॅशबोर्डवर फक्त गाडी तयार असल्याचा दिवा लागतो. तो दिवा बघायची सवय लावा. उतरताना तर नक्कीच, कारण चालू राहिलेली गाडीही तितकीच गप्प असते.

माझे मत स्पष्ट आहे : इलेक्ट्रिक गाडी कळते ती ताशी वीसच्या खाली. तिथेच वेळ घालवा. ब्रेकवरून पाय काढला की गाडी स्वतःहून सरकते का, की ॲक्सिलरेटर दिल्याशिवाय हलतच नाही? काही गाड्या सरकतात, काही थांबून राहतात, आणि काहींत ते आपल्याला निवडता येते. पार्किंगमध्ये रोज मागेपुढे करताना याचाच संबंध येणार असतो. मग रीजन आधी सगळ्यात कमीवर ठेवा, थोडे चालवा, नंतर सगळ्यात जास्तीवर न्या. जास्तीवर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला तर गाडी दचकल्यासारखी मंदावते. पाय उचलायचा नाही, सैल करत आणायचा. हे एकदा पायाला उमगले की बरीच गाडी एकाच पॅडलवर चालते आणि ब्रेक अडीअडचणीपुरता उरतो. मागच्यांची काळजी करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांप्रमाणे रीजनमुळे वेग सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंद या दरापेक्षा जास्त झपाट्याने घटत असेल तर मागचे ब्रेकचे दिवे लागलेच पाहिजेत.

याच संथ वेगात ब्रेकही तपासा. दहाच्या वेगावरून शून्यावर येताना, अगदी शेवटच्या हातभर अंतरात, मोटरकडचे काम संपून चाकांच्या नेहमीच्या ब्रेककडे जाते. हा सांधा काही गाड्यांत जाणवतही नाही, काहींत मान हलते. कागदावर दोन्ही गाड्या सारख्याच असतात. मी तरी गाडीची पारख पहिल्यांदा इथे करते.

पादचाऱ्यांना मात्र जपा. हळू चालताना बाहेर ऐकू येईल असा आवाज गाडीने काढावा, असा नियम बऱ्याच देशांत आहे. युरोपात जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना तो ताशी २० किलोमीटरपर्यंत सक्तीचा आहे. पण कानाला इंजिनची सवय असलेला माणूस त्या बारीक आवाजाकडे वळून बघेलच असे नाही. मैदानातून बाहेर पडताना कोणी पाठमोरे चालत असेल तर त्याला तुम्ही दिसला आहात असे धरू नका.

पिकअप बघायचाच, त्यात काही वावगे नाही. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेवरचीच होती, १८९९ साली, बेल्जियमच्या कामिय जेनात्झीची. मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते, इंजिनला त्यासाठी आधी फिरावे लागते. म्हणून सिग्नलवरून निघताना पाठ सीटला टेकते. फक्त रस्ता सरळ, कोरडा आणि रिकामा असावा, आणि मालक शेजारी हवा. एकदा करून बघा आणि पुरे. त्याऐवजी ऐंशीवरून शंभरपर्यंतचा ओव्हरटेक करून बघा. एका ठरावीक वेगानंतर मोटरचा टॉर्क उतरत जातो. त्यामुळे सिग्नलला उडी मारणारी छोटी गाडी मोठ्या रस्त्यावर तितकी तडफदार वाटेलच असे नाही. तुमचा प्रवास मोठ्या रस्त्यांवरचा असेल तर निर्णय या ओव्हरटेकवर घ्या.

गाणी बंद ठेवा. इंजिनचा आवाज नसल्यामुळे टायरचा आणि वाऱ्याचा आवाज पुढे येतो आणि तो सोबतीला कायम राहणार आहे. स्पीडब्रेकरवर आणि खराब रस्त्यावर वजन जाणवते का तेही बघा. बॅटरीच कित्येकदा तीनशे-चारशे किलोची असते. ती तळाशी असल्याने वळणावर गाडी कमी कलते, हा तिचा फायदा.

मग मित्राला विचारा. मात्र "रेंज किती?" हा प्रश्न नको. "ॲव्हरेज किती पडते, आणि कधी किती?" असे विचारा. डॅशबोर्डवरचा रेंजचा आकडा हा अलीकडच्या चालवण्यावरून गाडीने बांधलेला अंदाज असतो, म्हणजे तो तुमच्या मित्राच्या पायाचा आकडा आहे. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि १०० किलोमीटरला किती युनिट लागतात ते वाचा. मध्यम आकाराच्या गाडीला साधारण १५ युनिट लागतात. ४० युनिटची बॅटरी असेल तर पुढचा भागाकार सोपा आहे. पेट्रोलशी तुलना करायची असेल तर एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरला ६० युनिट जाळते, त्यातली बरीचशी उष्णता होऊन निघून जाते.

मी पहिल्यांदा अशी गाडी चालवली ती एका गाडीवेड्या मित्राचीच. त्याच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही होती : तारीख, हवा, निघतानाचे टक्के, पोचल्यावरचे टक्के, युनिट, आणि शेरा. त्याचा नेहमीचा एकच रस्ता, कोरड्या उबदार दिवसांत १३ युनिटच्या आसपास, कडाक्याच्या थंडीत हीटर लावून १८. शेऱ्यात "पाऊस, रस्ता ओला, समोरून वारा" असे असले की आकडा वर गेलेला. गाडी चालवून मला जितके समजले त्याहून जास्त त्या वहीने समजले. तुमच्या मित्राकडे वही नसेल, पण थंडीत आणि मोठ्या रस्त्यावर किती फरक पडतो हे त्याला तोंडपाठ असेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात तर दर किलोमीटरला तो जवळपास दुप्पट होतो. घाटाचा हिशोबही विचारा. १६०० किलोची गाडी ५०० मीटर वर चढवायला, सपाटीवरच्या खर्चाशिवाय, सव्वादोन युनिट लागतात. उतरताना त्यातला बराच भाग रीजनने परत येतो, सगळा येत नाही.

परत आल्यावर चार्जिंगची केबल स्वतःच्या हाताने लावून काढून बघा. दिवसअखेर, दमलेले असताना, हेच करायचे आहे. आणि वापरलेली वीज भरून द्या, निदान तसे विचारा तरी.

प्रश्न : मैत्रिणीच्या इलेक्ट्रिक गाडीत मागे बसले आणि पोटात ढवळायला लागले. साध्या गाडीत मला कधी असे होत नाही. घरात अशी गाडी घ्यायचे चालले आहे. माझ्यासाठी ती नाकारावी लागेल का?

उत्तर : नाही. आधी मैत्रिणीला रीजन कितीवर ठेवले होते ते विचारा. ते जास्तीवर असेल आणि चालवणारा ॲक्सिलरेटरवर पाय सतत उचल-ठेव करत असेल तर गाडी दर काही क्षणांनी मंदावते आणि सुटते. चालवणाऱ्याला ते आधीच माहीत असते, मागच्या माणसाला नसते. साध्या गाडीत इंजिनचा आवाज चढला-उतरला की शरीर सावध होते, इथे ती सूचना मिळत नाही. रीजन कमीवर ठेवून, तुम्ही पुढच्या सीटवर बसून, फोन बाजूला ठेवून तोच रस्ता पुन्हा करा. आणि एकदा स्वतः चालवा. स्टिअरिंग हातात असताना मळमळ क्वचितच होते. घरच्यांपैकी चालवणाऱ्याला पाय हळू सैल करायची सवय लागली तर जास्तीचे रीजनही कालांतराने चालून जाईल. तोवर मात्र तुमच्या त्रासाला कोणी नखरे म्हणू नये.

प्रश्न : गटातलाच एकजण त्याची पाच वर्षांची इलेक्ट्रिक गाडी विकतो आहे. चालवून बघितली, आवडली. बॅटरी किती उरली आहे हे फेरीत कळते का?

उत्तर : चालवण्याच्या सुखावरून अजिबात कळत नाही. दमलेल्या बॅटरीची गाडीही तितकीच छान पळते, फक्त लवकर थांबते. अंदाज मात्र काढता येतो. ८० टक्क्यांवरून निघा, ५० टक्क्यांपर्यंत एकसारखी चालवा आणि गाडीने दाखवलेली खर्चाची युनिट टिपा. ३० टक्क्यांत १०.८ युनिट गेली, तर पूर्ण बॅटरी ३६ युनिटची. नवीन असताना ४० असेल तर ९० टक्के शिल्लक. हा ढोबळ हिशोब आहे. वर्कशॉपकडून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी रिपोर्ट घ्या, तो खरा.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर फेरीच्या आधी ती एकदा पूर्ण शंभर टक्के भरायला सांगा. पहिल्या पत्राला मी उलटे सांगितले आहे, पण तिथे रीजन बघायचे होते. एलएफपीचे व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहते, त्यावरून चार्ज किती उरला हे ओळखणे गाडीला जड जाते, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण न भरलेल्या गाडीचा टक्क्यांचा आकडा भरकटलेला असू शकतो.

बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय आहे का ते बघा. नसेल आणि गाडी कडक उन्हात, सतत फास्ट चार्जिंगवर वापरलेली असेल, तर किंमत करताना ते धरा. वॉरंटीची कागदपत्रे मागा. बऱ्याच कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात, पण ती दुसऱ्या मालकाकडे जाते का हे लेखी वाचल्याशिवाय व्यवहार करू नका. आणि बॉनेट उघडून साधी १२ व्होल्टची बॅटरी बघा. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. पाच वर्षांच्या गाडीत ती एकदा तरी बदललेली असावी. नसेल तर तो खर्च लवकरच तुमच्याकडे येणार आहे.